कडेचे आकडे आधी बघा

ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्मचा रोल घरी धुऊन सुकायला टांगला की शिकणारा आधी चित्रं शोधतो. साहजिक आहे. तरी शिकवणाऱ्याने पहिली पाच मिनिटं त्याला फिल्मच्या कडा बघायला लावाव्यात, असं माझं ठाम मत आहे. चूक कॅमेऱ्यात झाली की टँकमध्ये, म्हणजे फिल्म धुवायच्या बंद डब्यात, हे तिथे कळतं. ते कळलं नाही तर माणूस चुकीची गोष्ट सुधारत बसतो. दोष उजेड मोजणाऱ्या मीटरचा असतो आणि तो डेव्हलपिंगचा वेळ वाढवतो.

३५ मिमी फिल्मच्या कडांना, भोकांच्या बाजूला, फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते कारखान्यातच प्रकाश देऊन उमटवलेले असतात, आपल्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. दिसू लागतात मात्र आपल्याच डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात. निगेटिव्हवर प्रकाश पडलेली जागा काळी होते. म्हणून आकडे ठळक काळे आणि चित्रं फिकट असतील, तर कॅमेऱ्यात प्रकाश कमी पडला. आकडेही फिकट असतील, तर डेव्हलपर थंड होता, जुना होता, जास्त पातळ होता किंवा वेळ कमी दिला. आकडे छान आणि बाकी फिल्म कोरी असेल, तर फिल्म पुढे सरकलीच नाही किंवा शटर उघडलं नाही. आकडेसुद्धा नाहीत, सगळं काचेसारखं स्वच्छ आहे? मग डेव्हलपर मेलेला होता, नाहीतर फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, आधी ओतला गेला. बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावं घालणं हाच त्यावरचा उपाय. मुदत उलटून बरीच वर्षं झालेल्या फिल्मवर मात्र आकडे आपोआप पुसट होतात, तिथे या परीक्षेवर फार विसंबू नये.

कोऱ्या रोलचं दुःख टाळणं सोपं आहे. फिल्म भरून मागचं दार लावल्यावर रिवाइंडची मूठ हलकेच फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढा. मग लिव्हर ओढा. मूठ उलटी फिरली तर फिल्म सरकते आहे. काउंटर ४० वर गेला तरी लिव्हर अडत नसेल, तर दार उघडू नका. रिवाइंडचं बटण दाबून मूठ फिरवा. जराही ताण लागला नाही तर फिल्म स्पूलला अडकलेलीच नव्हती.

सगळा रोल सारखाच फिकट आणि आकडे ठळक, असं वारंवार होत असेल तर मीटरवर संशय घ्या. जुन्या अनेक कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेले होते. त्यात १.५ व्होल्टचा सेल घातला की बऱ्याच मीटरना उजेड आहे त्याहून जास्त वाटतो आणि ते प्रकाश कमी द्यायला सांगतात. ताडून बघायला भर उन्हाची जुनी रीत पुरते: निरभ्र आकाश, ४०० आयएसओची फिल्म, अ‍ॅपर्चर एफ १६, शटर १/५००. मीटर यापासून दोन स्टॉप दूर असेल (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) तर मीटरचं ऐकू नका.

एक्स्पोजर, म्हणजे फिल्मला किती प्रकाश द्यायचा ते, शिकवायला पांढरी भिंत आणि काळं कापड यांच्याइतकं चांगलं साधन मला माहीत नाही. फ्रेम भिंतीने पूर्ण भरा, मीटर सांगेल तसा फोटो काढा. मग काळ्या कापडाने भरून तेच करा. निगेटिव्हवर दोन्ही फ्रेम जवळपास सारख्याच करड्या येतात. मीटरला पांढरं-काळं कळत नाही, समोर येईल ते मध्यम करडं करायचं एवढंच त्याला येतं, ही गोष्ट दहा वेळा सांगून पटत नाही ती या दोन फ्रेममध्ये पटते. त्यानंतर तळहात त्याच उजेडात धरून रीडिंग घ्यायला सांगा, एक स्टॉप जास्त प्रकाश द्या आणि त्याच एक्स्पोजरवर भिंत व कापड दोन्ही टिपा. आता भिंत निगेटिव्हवर गडद आणि कापड जवळपास पारदर्शक येतं, जसं यायला हवं तसं.

त्याच रोलवर ऊन आणि सावली दोन्ही असलेलं एकच दृश्य सहा वेळा घ्या: मीटरपेक्षा २ स्टॉप कमी, १ कमी, बरोबर, १ जास्त, २ जास्त, ३ जास्त. दोन कमी असलेल्या फ्रेममध्ये सावलीच्या जागी कोरी फिल्म दिसेल. तीन जास्त असलेली फ्रेम गडद असेल, पण तपशील बहुतेक शाबूत. जिथे प्रकाश पोहोचलाच नाही तिथे डेव्हलपर काही निर्माण करू शकत नाही. वेळ वाढवला तर उजळ भाग आणखी गडद होत जातात, सावल्या जवळपास तिथेच राहतात. म्हणून शंका असेल तेव्हा निगेटिव्ह फिल्मला प्रकाश थोडा जास्तच द्यावा.

आता टँक. निदान पहिले दहा रोल फिल्म आणि डेव्हलपर बदलू नका. एचपी५ प्लस ही फिल्म आणि आयडी-११ हा डेव्हलपर ही जोडी घेतली, तर १+१ प्रमाणात २० अंशांना १३ मिनिटं. टँकला ३०० मिली लागत असेल तर १५० मिली डेव्हलपरचं द्रावण, १५० मिली पाणी, आणि वापरून झालं की टाकून द्यायचं. पाणी कोमट असेल तर दर अंशाला वेळ साधारण १० टक्के कमी होतो, २४ अंशांना ९ मिनिटांच्या आसपास. पहिले १० सेकंद टँक चार वेळा उलटासुलटा करा, मग प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला तेवढंच, आणि दर वेळी टँक ओट्यावर हलकेच आपटा. नाहीतर हवेचे बुडबुडे चिकटून निगेटिव्हवर पारदर्शक गोल ठिपके राहतात. जोरजोरात हलवलं तर भोकांपाशी गडद पट्टे येतात.

सगळ्यात जास्त रोल खराब होतात ते रीलवर, म्हणजे टँकमधल्या फिल्म गुंडाळायच्या चकतीवर, चढवताना. रील ओलसर असेल तर प्लास्टिकच्या खाचांत फिल्म अडकते. जबरदस्ती केली की ती मुडपते आणि नखासारखी अर्धचंद्राकृती खूण कायमची उमटते. फिल्मचं टोक सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित गोल करा. वाया गेलेल्या रोलवर आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग चेंजिंग बॅगमध्ये (उजेड न शिरणारी, हात घालायची पिशवी), हात आपोआप चालेपर्यंत सराव करा. बॅगेत हातांना घाम येतो. फिल्म अडूनच बसली तर ती तशीच टँकमध्ये टाकून झाकण लावा, हात कोरडे करा, थोड्या वेळाने पुन्हा बसा.

फिक्सरचा वेळ अंदाजाने ठरवू नये. भरताना कापलेला फिल्मचा तुकडा उजेडातच फिक्सरमध्ये टाका आणि तो स्वच्छ पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या. ताज्या फिक्सरला लागला होता त्याच्या दुप्पट वेळ तुकड्यालाच लागू लागला की तो फिक्सर संपला. धुताना टँक त्याच तापमानाच्या पाण्याने भरून ५ वेळा उलटा, पाणी बदलून १० वेळा, पुन्हा बदलून २० वेळा. शेवटी वेटिंग एजंटचे एकदोन थेंब घातलेलं पाणी, म्हणजे सुकताना डाग पडत नाहीत.

फिल्म दुधी किंवा जांभळट धुरकट दिसली तर फिक्सिंग अपुरं राहिलं आहे, आणि ही चूक दुरुस्त होते. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा ५ मिनिटं ठेवा, पहिल्यासारखीच धुवा. धुरकटपणा जाईल. एखादा अपारदर्शक डाग मात्र गेला आणि त्या जागी चित्रच नसेल, तर रीलवर फिल्मचे दोन वेढे तिथे एकमेकांना चिकटले होते आणि डेव्हलपरही आत पोहोचला नव्हता.