लाल दिवा लागला का?

स्टिरिओ रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि आवाज वाढवणारा अँप्लिफायर एकाच पेटीत, घ्यायचं ठरवलं तेव्हा मनात पायोनिअरचा एसएक्स-१९८० होता. जुन्या यंत्रांच्या वेडात पडलेल्या माणसाच्या मनात तो असतोच. एकेका बाजूला २७० वॅट, वजन ३५ किलोच्या आसपास. १९७४ साली अमेरिकेत नियम आला, की अँप्लिफायरची ताकद छापायची तर ठरलेल्या पद्धतीने मोजूनच छापा. त्याआधी वॅटच्या आकड्यांना धरबंध नव्हता. नियमानंतर थापा बंद झाल्या, पण चढाओढ थांबली नाही; उलट आता खरेखुरे वॅट वाढवावे लागले. १९७८ चा हा राक्षस त्यातूनच जन्मला.

घरी आला तो त्याच काळातला, पण १५ वॅटचा. अशा मोठ्यांच्या घराण्यातलं हे शेंडेफळ; त्याला कोणी विचारत नाही, म्हणून तो परवडतो. पहिले चार दिवस मी जरा हिरमुसलो होतो. मग हिशेब कळला. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला दुप्पट वाटायचा तर वॅट लागतात जवळजवळ दहापट. खोलीत बसून ऐकताना एक-दोन वॅटही पुरतात. माझा व्हॉल्यूम अजून अर्ध्यावर गेलेला नाही. गेला तर भिंतीपलीकडून निरोप येईल.

पण वॅटमध्ये हात आखडता घेणाऱ्यांनी ट्यूनिंगच्या नॉबमध्ये मात्र कंजुषी केलेली नाही. त्याच्या मागे, आत, जड धातूचं चाक आहे. बोटाने हलकी टिचकी मारली की काटा ८८ पासून निघतो आणि १०० च्या पुढे जाऊन आपल्याच तंद्रीत थांबतो. रेडिओ लावायचा नसला तरी येता-जाता मी एक टिचकी मारतो. हा सगळा थाट एका दोऱ्यावर चालतो. तो दोरा एकदा निसटला. दांड्याला तीन वेढे, मग या कप्पीवरून, त्या कप्पीखालून, शेवटी स्प्रिंगला. दुसऱ्या वेढ्यालाच स्प्रिंग बोटातून सुटायची आणि पुन्हा श्रीगणेशा. रविवार गेला. संध्याकाळी काटा सरकला, तो उलट्या दिशेने.

फजितीचा मान मात्र ‘टेप मॉनिटर’ नावाच्या बटणाचा. पूर्वी टेप रेकॉर्डरमध्ये भरलेला आवाज लगेच तपासता यावा म्हणून ही आडवाट ठेवलेली असे. ते दाबलं की रिसीव्हर रेडिओ सोडून टेपकडे कान लावतो, आणि टेप जोडलेलाच नसेल तर चिडीचूप. पुसताना ते माझ्याकडून दाबलं गेलं. दिवे लागलेले, काटा जागेवर, आवाज नाही. दुरुस्तीला न्यायचं म्हणून वायरी काढायला मागे वाकलो, कोपर लागलं, बटण बाहेर आलं आणि गाणं सुरू! ही दुरुस्ती मी बरेच दिवस स्वतःच्या कौशल्याच्या खात्यावर सांगितली.

‘लाउडनेस’च्या बटणावर लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, तेवढा तो भरून काढतो. रात्री हवाच.

पण माझा जीव आहे तो काचेच्या कोपऱ्यातल्या ‘स्टिरिओ’ लिहिलेल्या लाल दिव्यात. एफएमवर स्टिरिओ प्रसारण अमेरिकेत १ जून १९६१ ला सुरू झालं, तेव्हा घरोघरी जुने मोनो, म्हणजे डावं-उजवं न करता एकच आवाज देणारे, रेडिओ होते. त्यांचं काही बिघडू नये म्हणून डाव्या-उजव्या आवाजाची बेरीज नेहमीच्या जागी पाठवायची, वजाबाकी वर ३८ किलोहर्ट्झवर लपवायची आणि खुणेला १९ किलोहर्ट्झची एक बारीक शिट्टी सोडायची, अशी युक्ती निघाली. जुना रेडिओ बेरजेवर खूश. नवा रिसीव्हर ती शिट्टी शोधतो, सापडली की दिवा लावतो आणि त्या बेरीज-वजाबाकीतून डावं-उजवं वेगळं काढतो. इतकं गणित करून तो फुशारकी मारतो ती एका मिणमिणत्या दिव्याने.

वजाबाकी मात्र नाजूक असते. स्टेशन लांबचं असलं की खरखर आधी तिथे शिरते. मग ‘मोनो’ दाबायचं: रुंदी जाते, गाणारा नीट ऐकू येतो. मी सहसा दाबत नाही. दिवा विझतो ना.

त्यापेक्षा अँटेना हलवतो. तिची चपटी वायर टीच्या आकारात कपाटामागे टाचलेली आहे, आणि खोलीत माणूस कुठे आहे यावर तिची मर्जी ठरते. लांबच्या एका स्टेशनाला मी खुर्चीत बसलो की दिवा लागतो, दाराशी गेलो की लुकलुकतो. परवा एक मित्र आला. गप्पा रंगल्या, तो उठून खिडकीशी उभा राहिला आणि दिवा एकदम ठाम लागला, आजवर कधी नव्हता इतका. खुर्ची रिकामी होती. मी त्याला बस म्हटलं नाही.