खाच पाडायची की नाही

माझ्याकडची बास गिटार काकांची. फेंडर कंपनीची जॅझ बास, हेडस्टॉकवरचा, म्हणजे खुंट्यांच्या टोकावरचा, क्रमांक ‘एस 7’ने सुरू होतो, म्हणजे 1977च्या आसपासची. काकांनी ती गिरगावात गोव्याच्या एका खलाशाकडून सेकंडहँड घेतली आणि पुढे वीसेक वर्षं वाद्यवृंदांत वाजवली. बोटं साथ देईनाशी झाली तेव्हा केस माझ्या हातात देऊन एवढंच म्हणाले, “पावसाळ्यात कपाटात कोंडून ठेवू नकोस.”

गेल्या गणेशोत्सवात एका मंडळाच्या स्टेजवर तिने मला रडवलं. जनरेटर, एलईडी लाइटं आणि गाण्यागाण्याच्या मधे स्पीकरमधून येणारी ती सलग घूंऽऽ. साउंडवाल्याने दोनदा माझा चॅनल बंद केला. कार्यक्रम संपल्यावर आमचा कीबोर्डवाला म्हणाला, “प्रीअँप टाक आणि विषय संपव. आता पॅसिव्ह बास घेऊन कोण फिरतं?” प्रीअँप म्हणजे आवाज वाढवणारं, घडवणारं बॅटरीवरचं सर्किट; ते आत नसलेली ती पॅसिव्ह.

दुसऱ्याच आठवड्यात मी एका दुकानात जाऊन आलो. तिथल्या माणसाने गिटार उलटी केली आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने चौकोन काढला. इथे राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र, मारायचा, दोन बॅटऱ्यांचा डबा बसवायचा. नेक, म्हणजे गिटारची दांडी, तीन स्क्रूंवर आहे, ती हलते, तर त्याच फेरीत चौथं भोक पाडून घ्या, असंही सुचवलं. मी हो म्हणून, तारीख ठरवून घरी आलो.

तेव्हा मला ते पटलंच होतं. अमेरिकन बासवादक मार्कस मिलरची प्रसिद्ध जॅझ बास माझ्या बासच्याच वर्षाची, 1977ची, आणि तिच्यात रॉजर सॅडोस्की या गिटार कारागिराने प्रीअँप बसवलेला. दुसरा नामांकित बासवादक जॅको पास्टोरियस, त्याच्या 1962च्या बासचे तर फ्रेटच, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्याच, काढून टाकलेले आणि बोटं दाबायच्या फिंगरबोर्डवर बोटीला लावतात ते इपॉक्सी चढवलेलं. दोघांनी वाद्य काचेच्या कपाटात ठेवलं नाही, म्हणून तो आवाज जगाला मिळाला. मग मी कशाला अडून बसायचं?

पण घरी आल्यावर तो पेन्सिलीचा चौकोन ओल्या फडक्याने पुसायला गेलो आणि हात थांबला. तिथे सनबर्स्टचं पॉलिश काकांच्या पट्ट्याच्या बकलने घासून मंद झालंय. बरोबर तिथेच खाच पडणार होती.

काकांना फोन लावला. मला वाटलं, ते हळवे होतील. “बसव की,” ते म्हणाले. “वाजवणारा तू आहेस. पण ती ओरडते कशाने, ते शोधलंस का आधी?”

शोधलं नव्हतं. इलाज ठरवून मोकळा झालो होतो.

मग पुण्यातल्या दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्यांकडे गेलो. त्यांनी स्क्रूड्रायव्हरला हातही न लावता गिटार अँपला जोडली आणि दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले. पिकअप म्हणजे तारांचा कंप पकडणारी चुंबक आणि वायरची गुंडाळी. जॅझ बासच्या दोन पिकअपांपैकी एकाची गुंडाळी आणि चुंबकांची दिशा दुसऱ्याच्या उलटी असते. दोन्ही सारखे उघडे असले की एकाची गुणगुण दुसरा खातो. एकच पिकअप उघडा असेल तर थोडी घूं राहणार, तो सिंगल कॉइलचा, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपचा, स्वभावच आहे. माझी मात्र दोन्ही उघडे असतानाही तशीच ओरडत होती. “आता तारांना हात लावा,” ते म्हणाले. लावला. काही फरक नाही. “अर्थिंग गेलंय.”

त्यांनी ब्रिजचे, म्हणजे तारांची खालची टोकं जिथे अडकवतात त्या पट्टीचे, पाचही स्क्रू काढले. ब्रिज उचलल्यावर खाली बारीक छिद्रातून वर आलेली एक तार दिसली, काळ्याहिरव्या बुरशीसारख्या थराने माखलेली. चिमट्याने नुसतं टोचलं आणि ती मधेच तुटली. गिटारच्या तारांपासून आतल्या सर्किटपर्यंत अर्थ नेणारा सगळा रस्ता म्हणजे ती चार बोटं तार. समुद्राकाठच्या इतक्या पावसाळ्यांनी ती आतून खाल्ली होती. नवी तार ओढली, बटणं बसवलेल्या कंट्रोल प्लेटच्या मागे सोल्डर केली, ब्रिज परत आवळला. अँप चालू केला आणि खोलीत पंख्याचा आवाज ऐकू आला.

माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

प्लेट उघडीच होती म्हणून आत पाहिलं. दोन्ही व्हॉल्यूम पॉट, म्हणजे बटणाखालचे फिरते भाग, मूळचे, पाठीवर 13777ने सुरू होणारा आकडा: 137 म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, पुढचे 77 म्हणजे वर्ष. टोनचा पॉट मात्र वेगळाच निघाला. त्यावर सोल्डरचा जाडजूड गोळा, आणि मीटरवर 250 किलोओहमच्या जागी 500च्या आसपास. काकांना विचारलं तर लगेच आठवलं. कार्यक्रमाच्या दिवशी पॉट गेला होता, दुपारी लॅमिंग्टन रोडवरून मिळेल तो आणला आणि स्वतःच डाग दिला.

म्हणजे गिटार ‘ओरिजिनल’ नव्हतीच. यावरून कोणी म्हणेल, मग खाच पाडायला काय हरकत? मला नेमकं उलटं वाटलं. पॉट बदलला, तो उद्या परत बदलता येतो. अर्थिंगची तार सडली, नवी घातली. लाकूड मात्र एकदा कापलं की भुसा होऊन जातं, ते परत येत नाही. शिवाय विकायची वेळ आली तर मागे डबा कोरलेल्या जुन्या फेंडरची किंमत बरीच उतरते. विकायची नाहीये, पण घरातल्या पुढच्या माणसाच्या वतीने तो निर्णय मी का घेऊन टाकावा?

चौथ्या स्क्रूचंही तेच झालं. एक तार फिंगरबोर्डाच्या कडेवरून घसरायची, ती नेक जरा सरकल्यामुळे. तारा ढिल्या केल्या, स्क्रू सैल केले, नेक बाजूला रेटून धरली आणि परत आवळली. दहा मिनिटांचं काम. फ्रेट घासून समतल केले, कारण तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर काकांच्या बोटांनी चर पाडले होते. ते मला राखायचे नव्हते, त्यांच्यामुळे सूर खरखरायचा.

प्रीअँपची गरज मात्र खोटी नव्हती. लांब केबल आणि मोठ्या स्टेजवर पॅसिव्ह बास बुजते. काही प्रीअँप मूळ पोकळीतच बसतात, लाकूड कापावं लागत नाही. त्यावर दोन दिवस विचार केला. पण त्यासाठी 1977चे सांधे उकलावे लागले असते. शेवटी पायाशी ठेवायचा प्रीअँपचा डबा घेतला. बेस, मिड, ट्रेबल त्याच्यावर, आणि साउंडवाल्याला थेट लाइनही त्यातूनच मिळते. पहिल्या दुकानाला फोन करून तारीख रद्द केली.

टोनचा पॉट बदलायचा का, असं दुरुस्तीवाल्यांनी जाताना विचारलं होतं. 1977चा पॉट शोधून देता येईल म्हणाले. मी फक्त साफ करून द्यायला सांगितलं. थोडा वेगळा वागतो, शेवटच्या पाव फेरीत आवाज एकदम उघडतो. काकांनी वीस वर्षं त्याच पाव फेरीत वाजवलं.

परवा डोंबिवलीला घेऊन गेलो. काकांनी मांडीवर घेतली, न बघता करंगळीने टोन शेवटपर्यंत फिरवला आणि एकच मोकळी ई तार छेडली. तिचा नाद संपेपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. मग म्हणाले, “गप्प झाली की रे ही.”