सॉल्ट लेक सिटी: टेंपल स्क्वेअरच्या टूरला एक पैसाही देऊ नका

आधी हे सांगते: अमेरिकेतल्या या शहरात टेंपल स्क्वेअर, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचा मंदिर परिसर आहे. तिथे प्रवेश फुकट, टूर फुकट. आम्ही दोघी बहिणींनी मात्र एका ऑनलाइन एजंटाला माणशी ४५ डॉलर मोजून ‘मंदिर दर्शन’ घेतलं. आत जाता येत नाही, हे त्याने सांगितलंच नाही. मॉर्मन मंदिरात एरवीही फक्त परवानगी असलेले सभासदच जातात, आणि हे मंदिर तर भूकंपापासून बचावाच्या कामासाठी डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. बांधायला १८५३ ते १८९३ अशी चाळीस वर्षं लागलेली ती दगडी वास्तू आम्ही रस्त्यावरून पाहिली. आतून बघायचंच असेल तर एप्रिल ते ऑक्टोबर २०२७ मध्ये जा. तेव्हा ती सगळ्यांसाठी उघडणार असल्याचं चर्चने जाहीर केलंय.

दुसरी फसगत अंतराची. हॉटेलवाला म्हणाला, “फक्त पाच ब्लॉक.” इथला एक ब्लॉक, म्हणजे दोन रस्त्यांमधला भाग, ६६० फुटांचा, वर प्रत्येक रस्ता १३२ फूट रुंद. म्हणजे सव्वा किलोमीटर, तेही जुलैच्या भर दुपारी, सावलीशिवाय. शहर सव्वाचार हजार फुटांवर, हवा इतकी कोरडी की घाम कळतच नाही. तिसऱ्या ब्लॉकला बहीण फुटपाथवरच बसली. चिडचिड याची, की शेजारून ट्रॅक्स या शहरी रेल्वेच्या गाड्या जात होत्या आणि डाउनटाउनमध्ये त्यांना तिकीटच लागत नाही! एक लिटर पाणी घ्या आणि ट्रॅक्सने ‘टेंपल स्क्वेअर’ला उतरा. चालत अजिबात जाऊ नका.

चर्चच्या कॉन्फरन्स सेंटर या सभागृहाच्या दारात पुन्हा थांबवलं. पॅसिफिकमधल्या एका बेटराष्ट्राचे मंत्री आले होते. मी वैतागलेच होते. पण समोर जे पाहिलं ते विसरणार नाही. सुटाबुटातले अधिकारी मागे, आणि पुढे विशीतली एक मिशनरी मुलगी. छातीवर काळी नावपट्टी, तिच्याखाली चिमुकला झेंडा. मंत्र्यांचाही तोच देश. तिने त्यांच्या भाषेत स्वागत केलं तसे ते चालता चालता थांबले आणि दोन्ही हातांनी तिचा हात धरला. त्यानंतर दुभाषा नुसताच उभा होता.

ते गेल्यावर तीच मुलगी आमच्याकडे आली आणि तासभर तितक्याच आपुलकीने फिरवलं: २१,००० आसनांचं, मध्ये एकही खांब नसलेलं सभागृह, मग गच्चीवरची बाग. गच्ची चुकवू नका. या मुली दीड वर्ष बिनपगारी, घरच्या खर्चाने राहतात. टिप काढू नका, वाईट दिसतं. शेवटी तिने धर्माविषयी बोलायला फोन नंबर मागितला; नको म्हटलं, तिने हसून विषय सोडला.

बड्या पाहुण्यांना इथे त्यांच्या घराण्याची वंशावळ भेट देतात. आपल्याला आपली शोधायची तर फॅमिलीसर्च ग्रंथालय शेजारीच आहे, तेही फुकट.

अँटिलोप बेट, खारं तळं वगैरे दोन दिवस छान गेले.

रविवारी समोरचा सिटी क्रीक मॉल बंद असतो, खाण्याची सोय आदल्या दिवशीच करा. रविवारीच सकाळी साडेनऊला टॅबरनॅकल क्वायर या चर्चच्या गायकवृंदाचं गायन असतं. सव्वानऊच्या आत जागेवर बसा, आणि आठ वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर आत घेत नाहीत.