कुठं कंटाळलीस?

परवा भर दुपारी किराणा दुकानात उभी होते. दुकानदाराने पिशवी उघडायला म्हणून अंगठा जिभेला टेकवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बोट तोंडात नको!" आवाज चांगलाच चढला होता. तो बघतच राहिला. मागे उभ्या असलेल्या काकू उगाच एक पाऊल मागे सरकल्या. आता त्याला काय सांगायचं, की बाबा रे, हे वाक्य माझं नाही, आमच्या लायब्ररीच्या बाईंचं आहे?

बाकी सगळ्या बाईंना आडनावं होती. अगदी शिवणाच्या बाईंनासुद्धा. या मात्र नुसत्या लायब्ररीच्या बाई. खोली जिन्याखाली, लांबट, प्रयोगशाळेला चिकटून. आत डांबराच्या गोळ्यांचा वास आणि दहावीचं प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी भिंतीपलीकडून नासक्या अंड्यांचा. दाराशी हात दाखवायचे, दोन्ही बाजूंनी. जूनमध्ये शाळा उघडली तरी कोकणात रायवळ आंबे संपलेले नसतात. नखांत पिवळं दिसलं की नळावर रवानगी. टेबलावर ओल्या स्पंजची गोल डबी होती, पोस्टात असते तशी, पण ती फक्त बाईंसाठी. आम्ही कोरड्या बोटानेच पान उलटायचं. नाही उलटलं तर फुंकर मारायची. ही फुंकर मला अजून सुटलेली नाही. नोटा मोजतानासुद्धा मारते, आणि कॅशिअर खिडकीतून बघतो.

पानाचा कोपरा दुमडायला सक्त मनाई. त्याऐवजी बाई खुणेची पट्टी द्यायच्या. या पट्ट्या लग्नपत्रिका कापून केलेल्या. त्यामुळे त्या वर्षांत मी जे काही वाचलं, त्यात मधेच कुठेतरी 'श्री गजानन प्रसन्न' आहे, किंवा अर्धी 'चि. सौ. कां.', किंवा 'आहेर आणू न'. एका पट्टीवर नुसतं 'चिमुकल्या पाहुण्यां' एवढंच होतं. ती मी मुद्दाम परत केली नाही.

त्याआधी चौथीपर्यंतच्या शाळेत पुस्तकं म्हणजे पत्र्याची पेटी. वर्गशिक्षक पेटी उघडणार आणि हजेरीच्या क्रमाने वरचं पुस्तक हातात ठेवणार. माझ्या नशिबी एकदा कुक्कुटपालन आलं होतं. बदलून मागितलं तर, "का, वाईट आहे का ते?" वाईट नव्हतंच. लेगहॉर्न कोंबडीची मला अजून बऱ्यापैकी माहिती आहे.

तर पाचवीत आल्यावर बाईंनी गोदरेजच्या कपाटांची दारं दोन्ही हातांनी सताड उघडली आणि त्या बाजूला झाल्या, याचं जे काही वाटलं ते सांगता येणार नाही. "काढा, बघा, नाही आवडलं तर ठेवा. पण जिथून काढलं तिथंच." पुस्तकांच्या पाठीवर विषयाचे आकडे चिकटवलेले. मराठी साहित्य ८९१.४६. मला तो बरेच दिवस कुणाचा तरी फोन नंबर वाटत होता. इंग्रजी साहित्य ८२० वर, ऐसपैस. मराठीला मात्र दशांश चिन्ह ओलांडून आत जावं लागतं. ही आकड्यांची पद्धत ज्यांनी १८७६ मध्ये काढली ते ड्युई अमेरिकन, त्यांच्या हिशेबात आम्ही उरल्यासुरल्यांत. बाई म्हणायच्या, "आपलं घर गल्लीच्या टोकाला आहे, पण आहे."

१२ ऑगस्टला टेबलावर एक फोटो यायचा. चष्मेवाले गृहस्थ, झेंडूचा हार. आम्ही त्यांना बाईंचे वडील समजत होतो. ते एस. आर. रंगनाथन, आणि १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस म्हणून ग्रंथपाल दिन, हे फार पुढे कळलं. मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीला त्या रिकाम्या शांततेला इतके कंटाळले की परत गणिताकडे जायला निघाले होते. आमच्याकडे उलटा प्रकार. गणिताचे सर लायब्ररीच्या तासाकडे निघालेले असायचे. "पोर्शन मागे राहिलाय बाई, आजचा एक तास." लायब्ररीचा तास मधल्या सुट्टीनंतरचा, सव्वादोनचा, म्हणजे नाहीतरी सगळ्यांनी पेंगायचा. बाई कधी नाही म्हणाल्याचं आठवत नाही. फक्त संध्याकाळी शाळा सुटताना त्या खोलीच्या दाराशी उभ्या असायच्या. "ज्यांचा तास बुडाला ते या."

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम छापले. पुस्तकं वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, इथवर बाई अगदी नियमातल्या. चौथा नियम मात्र वाचकाचा वेळ वाचवा असा आहे, आणि तो त्यांनी रोज मोडला. पुस्तक परत करायला गेलं की सुटका नाही. कारण त्या एक प्रश्न विचारायच्या. "कुठं कंटाळलीस?"

बाकीचे विचारायचे, काय शिकलीस, तात्पर्य काय, कोणतं पात्र आवडलं. त्यांची उत्तरं पाठ असतात. प्रामाणिकपणा, मैत्री, कष्टाचं फळ. पुस्तक न उघडताही देता येतात. पण कुठं कंटाळलीस याला पाठ उत्तर नाही. मी एकदा म्हटलं, "नाही कंटाळले." बाई म्हणाल्या, "मग वाचलंच नाहीस." मग मी धीर करून म्हटलं, जंगलाचं वर्णन सुरू झालं तिथं. तर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मी पण. ती चार पानं मी सोडतेच." मोठ्या माणसानं पानं सोडलेली मी तोवर ऐकलेलं नव्हतं. आमच्या घरी तर पोथीचा एक अध्याय राहिला तरी आजी सुतक पडल्यासारखी बसायची.

सगळ्यात मजा ऑक्टोबरात. चार महिने पाऊस खाऊन पुस्तकं फुगलेली, काहींना पांढरी बुरशी, काहींत कसर. सहामाही परीक्षा आटोपली की ती गच्चीवर उन्हात घालायची. ओळीने, पोटं उघडी ठेवून. आम्ही राखणीला. कामं वाटून दिलेली. कुणी पानं चाळायची, कुणी कसर झटकायची, कुणी कावळे हाकलायचे. पण उघडं पुस्तक समोर असताना कावळे कोण हाकलतो? एका पुस्तकाची मधली दोन पानं, शेजारच्याची मधली दोन पानं, असं करत ओळ संपवायची. सुरुवात नाही, शेवट नाही. कुठे तरी खून झालेला, कुठे कुणी बोटीत बसलेलं. मधूनच बाई खालून ओरडायच्या, "पालथं घाला आता!" म्हणजे खून तिथंच राहिला. त्यातली काही पुस्तकं नंतर शोधून पुरी केली, काही पुरी करायची हिंमतच झाली नाही. मधली पानं इतकी चांगली होती, की उगाच पुढे जाऊन कशाला वाट लावा.

अलीकडे १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. मुलं रांगेत बसून पुस्तकं चेहऱ्यासमोर धरतात आणि फोटो निघतो. त्यात काही वाईट नाही. पण पुस्तकं चेहऱ्याच्या फार जवळ असतात, इतक्या जवळून अक्षरं दिसत नाहीत.

गेल्या वर्षी वर्गातला एक मित्र भेटला. तो आता त्याच शाळेच्या ऑफिसात आहे. बोलता बोलता बाईंचा विषय निघाला, तर तो म्हणाला, "त्या अर्धवेळच होत्या ना." मला कळेना. मग त्याने समजावलं. तेव्हाचा नियम असा, की अनुदानित शाळेचा पट हजाराच्या पुढे असेल तर पूर्णवेळ ग्रंथपाल. पाचशेच्या पुढे पण हजाराच्या आत असेल तर अर्धवेळ, अर्धा पगार. आपला पट कधी हजाराला पोचलाच नाही. दरवर्षी नऊशेच्या आसपास अडकायचा. बाई जून-जुलैत पाचवीच्या तुकड्या मोजत फिरायच्या, ते आम्हाला वाटायचं ओळखपत्रांसाठी.

मस्टरवर त्यांची वेळ काय होती, मी विचारलं. अकरा ते दोन, तो म्हणाला.

मला आठवतात त्या सगळ्या बाई दोननंतरच्या आहेत.