पत्ता कुठला लिहायचा?

परवा खानापूरच्या एका पोराला मी नाही म्हटलं, त्या रात्री झोप नाही.

मी इथं कॅनडात गाड्यांचा विमा काढून देतो. पोरगं नवीनच आलंय. ब्रॅम्प्टनला तळघरातल्या खोलीत चौघं राहतात. जुनी कोरोला घेतलीय, आणि विम्याचा आकडा ऐकून गपगार. ऑन्टॅरिओत गाडीचा विमा राहत्या पत्त्यावरही ठरतो, आणि ब्रॅम्प्टन त्यात महाग म्हणून बदनाम. वर याचा परवाना नवा. जरा वेळानं आवाज खाली आणून म्हणालं, "दादा, किंग्स्टनला दोस्त हाय माझा. त्याचा पत्ता लिवूया की."

बेळगावच्या माणसानं हे ऐकून दचकल्याचं नाटक करू नये. आमच्या घरची पहिली गाडी एमएच-०९ पासिंगची, पत्ता चंदगडच्या आत्याचा. कर्नाटकाचा रोड टॅक्स वाचला. वर आप्पा चारचौघांत सांगायचे, "नंबर तरी महाराष्ट्राचा हाय!" कर चुकवला आणि सीमाप्रश्नही मांडला, एकाच नंबरप्लेटवर. केए-२२ वाले शेजारी आम्हाला जरा कमी मराठी वाटायचे.

इथं विम्याचा ब्रोकर व्हायचं तर रीबो या नियामक संस्थेची परीक्षा, पास व्हायला ७५ टक्के. गोदामातली रात्रपाळी सांभाळत दुसऱ्या खेपेला सुटलो. आप्पांना फोन केला तर म्हणाले, "दलाली करायला एवढ्या लांब गेलास व्हय?" मार्केट यार्डात बटाटा घालण्यात त्यांची हयात गेली, दलाल म्हटलं की त्यांना कापलेली अडतच आठवते. मी समजावलं, एजंट कंपनीचा असतो. ब्रोकर चार कंपन्यांचे दर काढून बघतो, तो गिऱ्हाइकाचा माणूस. "मग बरं हाय की," म्हणाले.

आणि ते पोरगं नेमकं तेच म्हणालं, "तुम्ही आमचाच माणूस न्हवं?"

मी सांगितलं, खोटा पत्ता दिलास आणि उद्या अपघात झाला, तर कंपनी हात वर करेल. खरं आहे ते. पण खरं हेही, की मला आधी माझा परवाना आठवला, पोरगं नंतर. माझा पहिल्या पायरीचा परवाना, अजून दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करतोय.

त्यात पत्त्यावरून माझंच एका ऑफिसात अडलं होतं. मार्क्स कार्डावर बेलगाम, पासपोर्टवर बेळगावी. ही दोन गावं का, म्हणाली बाई. २०१४ च्या १ नोव्हेंबरला नाव बदललं, म्हटलं. मग तुम्ही काय म्हणता? बेळगाव. झालं, तिसरं! पुढचा पाऊण तास मी त्या काचेसमोर उभा. १ नोव्हेंबर, कर्नाटकाचा राज्योत्सव, आमच्याकडं काळा दिवस का, हे सांगायचं फार मनात होतं. फॉर्मवर तेवढी जागा नव्हती.

तरी सगळं इथलंच चांगलं असं नाही हं. इथं थर्ड पार्टीचं, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं, सक्तीचं संरक्षण किमान २ लाख डॉलर. आपल्याकडं मृत्यू आणि जखमेच्या भरपाईला वरची मर्यादाच नाही. हे मी ब्रोकरच्या परीक्षेच्या वर्गात छाती काढून सांगितलं. पैसे मिळायला किती वर्षं लागतात, ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पोराला शेवटी हिवाळी टायरची सवलत काढून दिली. फार काही वाचलं नाही त्याचं. "बरं, दादा," एवढंच म्हणालं.

आज सकाळी आप्पांचा फोन. "आत्याचं चंदगडचं घर विकलं बघ. गाडीचा विमा संपालाय. पत्ता कुठला लिवू? तू आता त्यातलाच की."

रेंज नाही म्हटलं, रात्री बोलतो.