‘सिराज पाचही टेस्ट खेळला ना, मॅडम!’

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये वर्षभर गुडघेदुखीचे आजी-आजोबा आणि मान आखडलेले ऑफिसवाले येतात. दिवाळी सरली की त्यांच्यात शाळकरी मुलांची भर पडते. मैदानं वाळलेली असतात, सेंट्रल मैदानापासून घोडबंदरपर्यंत नेट्स लागतात, शाळांच्या मॅचेस सुरू होतात, रात्रीच्या टेनिस बॉल स्पर्धांचे बॅनर झळकतात. मग टाचा येतात, गुडघे येतात, खांदे येतात. त्यातलं बरंचसं थोड्या दिवसांत मार्गी लागतं. पण वाढत्या वयाचा फास्ट बॉलर आणि कंबरदुखी अशी जोडी दिसली की मी बाकीचं बाजूला ठेवते.

2025 च्या नोव्हेंबरात असाच एक मुलगा आला. नववीत, पंधरावं चालू, वर्षभरात ताडमाड वाढलेला. आईने जवळजवळ ओढूनच आणला होता. “बूट घालायला वाकत नाही हा. विचारलं की म्हणतो, काही नाही.”

“थोडं स्टिफ आहे फक्त,” तो मला म्हणाला. “रविवारी सिलेक्शन आहे, मॅडम. स्पीड कमी व्हायला नको, एवढंच बघा.”

आधी त्याला ॲक्शन करून दाखवायला सांगितली. छोटी, अडखळत घेतलेली पावलं, दोन्ही हात समोर ताठ, डोक्यावरून काठीसारखा येणारा उजवा हात. हुबेहूब जसप्रीत बुमरा. आईला हसू आलं, मलाही कौतुक वाटलं. मग एका पायावर उभं राहून मागे वाकायला लावलं. उजव्या पायावर वाकला. डाव्या पायावर वाकताना चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही त्याने, पण शेजारच्या टेबलाची कड धरलेली बोटं पांढरी पडली.

“दुखतंय?”

“नाही.”

“कुठे दुखत नाहीये ते दाखव.”

त्याने एका बोटाने जागा दाखवली. पट्टा बांधतो त्या रेषेवर, कण्याच्या किंचित डावीकडे. स्नायू दुखत असला तर माणूस तळहात फिरवून दाखवतो, अख्ख्या कमरेवर. बोटाच्या टोकाएवढी जागा दाखवली की मला हाडाची शंका येते. उजव्या हाताने बॉलिंग टाकणाऱ्याची डावी बाजू म्हटल्यावर तर जास्तच.

यामागचं कारण पालकांना माहीत असायला हवं. बॉल सोडताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर पायातून वर चढतो, आणि नेमक्या त्याच क्षणी कणा मागे वाकलेला, बाजूला झुकलेला आणि पिळलेला असतो. मणक्याच्या मागच्या भागात हाडाची एक अरुंद पट्टी असते, तिच्यावर हा सगळा भार येतो. पंधराव्या वर्षी ती पट्टी पुरती पक्की झालेली नसते. रोज भार पडत राहिला आणि भरून यायला वेळ मिळाला नाही, तर तिथे आधी सूज येते, मग बारीक तडा जातो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. सुरुवातीला एक्स-रेमध्ये ते बऱ्याचदा दिसतही नाही, एमआरआय लागतो.

टॉवेल काढायला आईने त्याची किट बॅग उघडली आणि आतून दोन वस्तू निघाल्या. वेदना बधिर करणारा स्प्रे, संपत आलेला. आणि दुखण्यावरच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, घरातल्या औषधाच्या डब्यातली. आई काही बोलली नाही. ती पट्टी उलटीसुलटी करून बघत राहिली.

“कधीपासून घेतोयस?”

“गणपतीपासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

बराच वेळ त्याने खाली बघितलं. मग मान वर करून, जणू मला समजत कसं नाही अशा सुरात म्हणाला, “सिराज पाचही टेस्ट खेळला ना, मॅडम!”

मोहम्मद सिराज खरोखरच खेळला. 2025 च्या उन्हाळ्यातल्या इंग्लंड दौऱ्यावर पाचही कसोटी, 23 बळी, दोन्ही संघांत सर्वाधिक. ओव्हलवर शेवटच्या सकाळी त्याने इंग्लंडच्या गस ॲटकिन्सनची दांडी उडवली तेव्हा आम्ही घरी टीव्हीसमोर उभे राहून ओरडत होतो. त्याच्या जिद्दीबद्दल मला आदरच आहे. पण मी मुलाला विचारलं, “ॲक्शन तर बुमराची आहे तुझी. त्याचं काय?”

“ॲक्शन त्याचीच बेस्ट. पण तो तीनच खेळला. ग्रुपवर सगळे म्हणायचे, तो नसतो तेव्हाच आपण जिंकतो. सारखा ब्रेक घेतो. मला तसं नाही व्हायचं.”

इतक्या वर्षांत मुलांच्या तोंडून पुष्कळ ऐकलंय, पण हे वाक्य मला लागलं. ज्याची ॲक्शन आरशासमोर तासन् तास घोटवली, त्याच खेळाडूने आयुष्यात केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट या मुलाला लाजेची वाटत होती. आणि ही लाज बुमराने शिकवली नव्हती. ती आपण शिकवली. बर्मिंगहॅम आणि ओव्हल, बुमरा न खेळलेल्या दोन्ही कसोटी भारत जिंकला, यावरून मोठ्या माणसांनी जे विनोद फॉरवर्ड केले, ते पोरांच्या फोनवरही पोचले. आपल्याला करमणूक झाली. पोराने त्यातून एवढंच उचललं, की दुखतंय म्हणणारा कमी दर्जाचा.

मग बाकीची कामं पुढे ढकलली आणि त्याला बुमराच्या पाठीची गोष्ट सांगायला बसले. 2019 मध्ये कमरेत स्ट्रेस फ्रॅक्चर. 2022 मध्ये पुन्हा पाठ, ऑस्ट्रेलियातला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप हुकला. मार्च 2023 मध्ये न्यूझीलंडला ऑपरेशन, आणि ऑगस्टमध्ये आयर्लंडविरुद्ध परत, तेही कर्णधार म्हणून. 2024 च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपचा सर्वोत्तम खेळाडू. मग ऑस्ट्रेलियात पाच कसोटींत 32 बळी, आणि शेवटच्या सिडनी कसोटीत पाठीने असहकार पुकारला, दुसऱ्या डावात एक चेंडू टाकता आला नाही. पुढची चॅम्पियन्स ट्रॉफी गेली. त्यानंतर इंग्लंडला तीनच कसोटी खेळणार हे दौऱ्याच्या आधीच ठरलं होतं. कसोटी कर्णधारपदासाठी माझा विचार करू नका, शरीराला झेपणार नाही, हेही त्याने स्वतःच मंडळाला कळवलं होतं. भारताचं कर्णधारपद!

मुलगा ऐकत होता. “कॅप्टन्सी त्याने नको म्हटली?” त्याला हे माहीतच नव्हतं. ॲक्शनचे स्लो मोशन व्हिडिओ त्याने शेकड्याने पाहिले होते, हे कुणी दाखवलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगितली. बुमराचा कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे वाकतो. ती त्याची जन्मजात ठेवण आहे. तो हात उसना घेता येत नाही. या मुलाचं दुखणं केवळ ॲक्शनच्या नकलेतून आलं असं मात्र मी म्हणणार नाही, एका तपासणीत तसं ठरवता येत नाही. पण उंची वाढत असताना कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला ठेवून बॉल टाकला, तर कण्याची पिळवट वाढते, हे नक्की.

एवढ्यात वडील पोचले, ठाणे स्टेशनवरून थेट, खांद्यावर ऑफिसची बॅग. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, आमच्या वेळी कुंबळेने तुटलेला जबडा बांधून बॉलिंग टाकली होती. एवढ्या-तेवढ्याला बसवून ठेवलं तर खेळाडू घडणार कसा?”

राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. पोराच्या क्रिकेटसाठी ओव्हरटाइम करणारा माणूस तो. आणि तो प्रसंग माझ्याही मनात कोरलेला आहे. 2002, अँटिग्वा, डोक्याभोवती गुंडाळलेलं पांढरं बँडेज, सलग 14 षटकं आणि ब्रायन लाराचा बळी. मी म्हटलं, “दादा, कुंबळे तेव्हा 31 वर्षांचा होता. निर्णय त्याचा होता, शेजारी डॉक्टर होते, फ्रॅक्चर जबड्याचं होतं, आणि तो ऑपरेशनसाठी लगेच घरी परतला. तुमचा मुलगा पंधराचाही नाही, दुखणं पाठीच्या कण्याचं आहे आणि गोळ्या तो लपवून खातोय.” लपवून म्हटल्यावर त्यांनी बायकोकडे बघितलं. तिने ती पट्टी त्यांच्या हातात ठेवली.

1993 मध्ये बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कलीने एका जाहिरातीत जाहीर करून टाकलं होतं, मी कुणाचा आदर्श नाही, आदर्श आईवडिलांनी व्हावं. त्यावर अमेरिकेत भरपूर वाद झाला. मला त्याचं अर्धंच पटतं. आईवडिलांची जबाबदारी कुणी खेळाडू उचलणार नाही, हे खरं. पण मुलं कुणाकडे बघतील हे बार्कली ठरवू शकत नाही, मीही नाही. पोर क्रिकेट बघणार, आणि बघितलेलं अंगात उतरवणार. माझ्या क्लिनिकमध्ये ते शब्दशः अंगात उतरून येतं. त्यामुळे खेळाडूंनी आदर्श असावं की नसावं, यावर मी वेळ घालवत नाही. ते आहेतच. त्यांच्यातलं काय मुलांपर्यंत पोचतंय, ते बघणं आपलं काम आहे.

खेळाडूंना यातून सूट द्यावी असंही मला वाटत नाही. दुखापत झाली, भीती वाटली, थांबावं लागलं, हे जे उघडपणे बोलतात त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्याच नोव्हेंबरच्या 2 तारखेला इथे नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला होता. त्याआधी सेमीफायनलमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 करून जेमिमा रॉड्रिग्जने सगळ्यांसमोर रडत सांगितलं, की या स्पर्धेत ती प्रचंड चिंतेतून गेली, रोज रडली. आणि प्रतिका रावल त्याच मैदानावर घोट्याला लागून स्पर्धेबाहेर गेली होती, फायनलनंतर व्हीलचेअरवरून जल्लोषात आली. आई त्या मुलाला म्हणाली, “बघितलं होतंस ना? रडू आलं होतं तुलाच.” तो पहिल्यांदा हसला. “ती टीममध्येच होती ना पण,” म्हणाला. मी म्हटलं, “हो. बाहेर बसूनही टीममध्येच होती.”

मग आम्ही हिशेब मांडला. त्याचा आठवडा कागदावर लिहून काढला. ॲकॅडमी सहा दिवस, पावसाळ्यातही पत्र्याखालच्या टर्फवर. रविवारी मॅच. वर शाळेची टीम, आणि सोसायटीच्या पोरांबरोबर रात्रीचं टेनिस बॉल. वडिलांना टेनिस बॉलचं ठाऊकच नव्हतं. नेट्समध्ये तर ओव्हरच नसते. बॅट्समन दहा मिनिटांनी बदलतो, बॉलर तोच राहतो. त्यातून जो फास्ट टाकतो त्याला सगळ्यांनाच खेळायचं असतं. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने मुलांसाठी वापरलेल्या नियमांत पंधरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, 6 आणि दिवसात 12 षटकं, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाही आणि आठवड्यात चार दिवसांपेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा होती. मी ती कागदाच्या उजवीकडे लिहिली, मुलाचा आठवडा डावीकडे होता. वडिलांनी दोन्ही रकाने वाचले आणि विचारलं, “एमआरआय आजच होईल का?”

त्यांना मी ओळखीच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. रिपोर्टमध्ये कमरेच्या पाचव्या मणक्याच्या डाव्या बाजूला सूज होती, तडा पूर्ण गेलेला नव्हता. वेळेत सापडला. बॉलिंग किमान तीन महिने बंद. रविवारचं सिलेक्शन गेलं. त्या रात्री तो जेवला नाही, असं आईने फोनवर सांगितलं.

त्याच्या कोच सरांशी बोलले. सुरुवातीला ते वैतागले. “मॅडम, माझ्याकडे वीस बॅट्समन आहेत आणि फास्ट बॉलर तीन. तीनाचे दोन झाले तर नेट्स चालवू कशी?” त्यांची अडचण खोटी नव्हती. ठाण्यासारख्या शहरात मैदान मिळतं दोन तास, पोरं पन्नास, आणि प्रत्येक पालकाला आपल्या मुलाची बॅटिंग झालेली बघायची असते. मी म्हटलं, बॅट्समनना थ्रो-डाउन द्या, म्हणजे जवळून हाताने बॉल फेका, साइडआर्म हे बॉल फेकायचं दांडकं वापरा, पण बॉलरचे बॉल मोजा. मोजायला कुणीतरी हवं. ते म्हणाले, बघतो.

पुढच्या आठवड्यात त्यांनी या मुलालाच वही देऊन नेट्सच्या मागे उभं केलं. बॉलिंग बंद असलेला हा, बाकी दोघांचे बॉल मोजायला लागला. व्यायामासाठी माझ्याकडे यायचा तेव्हा वही घेऊन यायचा. त्याच्या अक्षरात तारखा, नावं, बॉल, आणि एका रकान्यात ‘दुखतंय का’ असा प्रश्न. हा रकाना मी सुचवलेला नव्हता. पहिल्या पानावर सगळीकडे ‘नाही’ होतं. चौथ्या पानावर एका मुलाच्या नावापुढे ‘हो, टाच’ लिहिलेलं होतं.

आता त्याची बॉलिंग सुरू झाली आहे, अर्ध्या रन-अपने, मोजून. ॲक्शन कोच सरांनी थोडी सरळ करून घेतली. अडखळत घेतलेली पावलं मात्र त्याने सोडली नाहीत आणि त्याला माझी हरकत नाही. वडिलांनी षटकांचा तो तक्ता मराठीत लिहून मागितला आणि ॲकॅडमीच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला. त्यावरून एका आईचा फोन आला. वर्ल्ड कपनंतर तिच्या तेरा वर्षांच्या मुलीने फास्ट बॉलिंग धरली आहे आणि पोटरी दुखते म्हणते. तिला बुधवारी पाच वाजता बोलावलं आहे, आठवड्याचा हिशेब लिहून आणायला सांगितलाय.