जुना मिनी ट्रॅक्टर द्राक्षबागेच्या कामाला लावताना

तासगाव तालुक्यात नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या आणि वर मांडव असलेल्या द्राक्षबागेत मोठा ट्रॅक्टर नीट फिरत नाही, आणि नवा मिनी ट्रॅक्टर घ्यावा तर त्याचे हप्ते बेदाण्याच्या दराच्या भरवशावर फेडावे लागतात. त्या दराचा भरवसा किती धरायचा, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. म्हणून द्राक्षकाढणीनंतरच्या खरडछाटणीची कामे उरकल्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर, आम्ही वाळवा तालुक्यातील एका ऊस बागायतदाराकडून १८ एचपीचा, तीन सिलिंडरचा, वापरलेला मिनी ट्रॅक्टर घेतला. ऑक्टोबरच्या, फळ धरण्यासाठीच्या छाटणीपर्यंत (फळछाटणी) तो ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध फवारणारे यंत्र, घेऊन बागेत फिरू लागला पाहिजे, एवढेच उद्दिष्ट होते. छाटणीनंतर पाऊस लांबला की डाउनी या बुरशीच्या रोगावरची फवारणी एक दिवसही पुढे ढकलता येत नाही, आणि अशा वेळी ओळीच्या मधोमध ट्रॅक्टर बंद पडणे म्हणजे घडांवर पाणी सोडणे होय.

जुना ट्रॅक्टर पाहताना लोक आधी रंग आणि टायर पाहतात. माझ्या मते पहिली अट अशी असावी की आपण पोहोचण्यापूर्वी मालकाने इंजिन चालू केलेले नसावे. थंड इंजिनच खरे बोलते. म्हणून गेल्या गेल्या बॉनेट उघडून हेडला हात लावून पाहावा. तासांचे मीटर बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांवर बंदच असते, त्यामुळे झालेले काम इतर खुणांवरून ओळखावे लागते. क्लच पेडलच्या रबरावरची नक्षी किती झिजली आहे, लिफ्टच्या दांड्यांची पिनांची भोके गोल आहेत की लांबट झाली आहेत, पाय ठेवायच्या पत्र्याचा रंग कोठे उडाला आहे, या गोष्टी खोटे सांगत नाहीत. मग इंजिन चालू करून ऑइल भरायचे झाकण काढून पाहावे. तेथून धुराचे लोट धपधप बाहेर पडत असतील तर सिलिंडरमधील रिंगा आणि लायनर झिजून गेले असे धरून किंमत करावी. आमच्या ट्रॅक्टरला तेथे किंचित वाफ होती, सायलेन्सरमधून निळा धूर नव्हता, आणि ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची खूण नव्हती. तेवढ्या बळावर व्यवहार केला.

घरी आणल्यावर त्याचे खरे दुखणे कळले. इंजिन सकाळी पहिल्याच झटक्याला चालू व्हायचे, रिकामे कितीही वेळ चालायचे, पण रोटाव्हेटर जोडून जमिनीत घातला की काही वेळाने आवाज वरखाली होऊ लागायचा, दम कोंडल्यासारखे व्हायचे आणि इंजिन बंद पडायचे. थोडा वेळ थांबले की पुन्हा काही झालेच नाही अशा थाटात सुरू! एका गॅरेजवाल्याने डिझेलचा पंप कॅलिब्रेशनला (तपासून जुळवायला) पाठवा म्हणून सांगितले, दुसऱ्याने थेट अर्धे इंजिन खोलण्याचा अंदाज दिला. आमच्या आबांच्या ओळखीचे मिरजेचे एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, “बंद पडताना धूर कुठला टाकतंय?” मी म्हटले, “चाचा, धूरच टाकत नाही.” त्यावर ते म्हणाले, “मग पाना ठेवा खाली. इंजिनाला हात लावू नका, टाकीपासून चालत या.”

या एका प्रश्नात बरेच काही आहे. डिझेल इंजिनला हवा कमी पडली किंवा डिझेल जास्त झाले तर न जळलेला कार्बन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतो. ऑइल जळत असेल तर धूर निळसर असतो, आणि गार इंजिनात डिझेल न जळता वाफ होऊन गेले किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरले तर तो पांढरा असतो. लोड आल्यावर ताकद गेली, पण धूर वाढण्याऐवजी नाहीसा झाला, तर याचा अर्थ इंजिनला जाळायला डिझेलच पुरेसे पोहोचत नाही. इंजिन धडधाकट असून उपाशी आहे, असे निदान झाल्यावर ते खोलण्यात काय अर्थ होता?

टाकीपासून फिल्टरकडे येणारी रबरी नळी फिल्टरच्या बाजूने सोडून तिचे तोंड प्लास्टिकच्या बाटलीत धरले. आमच्या ट्रॅक्टरची टाकी फिल्टरपेक्षा उंचीवर आहे, त्यामुळे डिझेल आपोआप वाहायला हवे. सुरुवातीला धार चांगली जाड होती. बाटली निम्मी भरेपर्यंत ती बारीक झाली, मग थेंब थेंब पडू लागले आणि शेवटी थांबली. टाकीत डिझेल भरपूर होते. टाकीचे झाकण फिरवताच ‘सुस्स’ असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि बाटलीतील धार पुन्हा जाड झाली. झाकण उलटे करून पाहिले, तर वॉशरखाली खताच्या पोत्याच्या आतल्या प्लास्टिकचा तुकडा दुमडून बसवलेला होता. पावसाचे पाणी टाकीत जाऊ नये म्हणून कोणीतरी काळजीपूर्वक केलेली ती योजना होती. त्या काळजीने झाकणातील हवेचे बारीक छिद्र मात्र बंद झाले होते. जेवढे डिझेल खाली जाते तेवढी हवा वरून टाकीत आली पाहिजे, नाहीतर आत पोकळी तयार होते आणि ती डिझेलला मागे ओढून धरते. रिकाम्या इंजिनला थोडेच डिझेल लागत असल्यामुळे त्याचे भागत होते, आणि थांबल्यावर फटीफटीतून हवा हळूहळू आत येऊन पोकळी भरत असल्यामुळे ते पुन्हा चालू होत होते.

प्लास्टिक काढले आणि छिद्र बारीक तारेने मोकळे केले. तरीही काम तेथे संपले नाही, कारण लोडवर आवाजात हलकी थरथर उरली होती. आतल्या ओढीमुळे आजवर सैल जोडांतून हवा शिरत आली होती, आणि तेच जोड आता बाहेरून ओलसर दिसू लागले होते. फिल्टरच्या डोक्यावरील बँजो बोल्टांचे (ज्यांच्या पोकळीतून डिझेल वाहते ते बोल्ट) तांब्याचे वॉशर पुनःपुन्हा आवळून कडक आणि चपटे झाले होते. नवे मिळाले तर उत्तम. आमच्या दुकानात त्या मापाचा एक मिळाला नाही, म्हणून जुनाच गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला. तांबे असे केल्याने मऊ होते (लोखंडाच्या नेमके उलटे) आणि पुन्हा नीट बसते. रबरी नळीला बोटाने वाकवताच बारीक भेगा दिसल्या, तीही बदलली. टाकी उतरवून धुतली, तेव्हा तळाच्या जाळीवर काळा, चिकट गाळ होता. पावसाळ्यात अर्धवट रिकाम्या टाकीत हवेतील दमटपणाचे पाणी होते, ते डिझेलखाली साचते आणि अशी घाण धरते. त्यामुळे काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवणे हा उपाय मला झाकणाखाली प्लास्टिक कोंबण्यापेक्षा बरा वाटतो.

फिल्टर नवा घातल्यावर लाइनमधील हवा काढणे आलेच. क्रम टाकीकडून, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे, असाच ठेवावा. आधी फिल्टरवरील स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातदांडा हलवत राहिलो. प्रथम फेस आला, मग बुडबुड्यांचे डिझेल, मग सलग धार. धार येत असतानाच स्क्रू आवळला. तेच इंजेक्शन पंपावर केले. शेवटी तिन्ही नोझलच्या पाइपांची नटे थोडी सैल केली, धाकट्या भावाने ॲक्सिलरेटर पूर्ण ठेवून स्टार्टर मारला, आणि प्रत्येक नटापाशी डिझेल उसळताच ते घट्ट केले. या टप्प्यावर गळती शोधण्यासाठी बोट कधीही लावू नये. नोझल वातावरणाच्या दाबाच्या शंभराहून अधिक पट दाबाला उघडतो, आणि अशा दाबाची सुईसारखी धार कातडीतून आत घुसते. पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, त्यावर डाग उमटतो.

विजेच्या बाजूने फारसे निघाले नाही. बंद इंजिनला बॅटरी १२.६ व्होल्ट आणि चालू इंजिनला १४ च्या आसपास दाखवत होती, म्हणजे चार्जिंग ठीक होते. फक्त चॅसीला जोडलेली अर्थिंगची पट्टी रंगावरच आवळलेली होती. तेथील रंग खरवडून काढल्यावर स्टार्टर जोमाने फिरू लागला.

रेडिएटरने मात्र बराच वेळ घेतला. ट्रॅक्टर उसात राबलेला, त्यामुळे जाळीच्या पात्यांमध्ये पाचटाचा भुगा आणि धूळ यांचा थर बसला होता. तो समोरून पाणी मारून आणखी आत ढकलला जातो. पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, बेताच्या दाबाने पाणी मारले पाहिजे. आतून तांबूस पाणी आणि पांढऱ्या खपल्या आल्या. आपल्याकडच्या बोअरचे क्षारांचे पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतल्यावर दुसरे काय होणार? आत स्वच्छ पाणी फिरवून घेतले आणि मग कूलंट व क्षार काढलेले पाणी निम्मे-निम्मे भरले. थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणाऱ्या झडपेच्या, जागी हात घालून पाहिले, तर जागा रिकामी. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास आहे आणि मला ती अजिबात मान्य नाही. तापण्याचे कारण बहुधा रेडिएटरमध्ये असते. थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन नेहमी गार चालते, डिझेल पुरते जळत नाही आणि लायनरवरील ऑइलचा पातळ थर धुऊन नेते. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी स्वयंपाकघरातील पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का ते पाहिले. तो व्यवस्थित उघडला. आईने ते पातेले त्यानंतर घरात घेतले नाही, ते आता ग्रीसचे झाले आहे.

लिफ्टचे ऑइल दुधासारखे पांढरट होते, म्हणजे त्यात पाणी शिरले होते. गिअर लिव्हरच्या बुडाचे रबर फाटल्यामुळे ट्रॅक्टर उघड्यावर उभा असताना पाऊस तेथूनच आत गेला असणार. ते रबर बदलले, ऑइल गरम असताना सोडले, जाळी धुतली, नवे भरून थोडे चालवून पुन्हा सोडले आणि मग कायमचे भरले. लिफ्टचे धक्के गेले. इंजिन बंद केल्यावर उचललेला रोटाव्हेटर अजूनही सावकाश खाली येतो. तो दोष आतल्या सिलची झीज सांगतो, आणि ते काम हंगाम संपल्यावर करण्यासारखे आहे. तोवर उचललेल्या अवजाराखाली लाकडी ठोकळा दिल्याशिवाय कोणी हात घालायचा नाही, असा घरात नियम आहे.

द्राक्षासाठी म्हणून दोन बदल करावे लागले. उसाच्या सरीसाठी मागची चाके रुंद बसवलेली होती. रिम उलटी बसवली की रुंदी कमी होते, पण त्याच बाजूला चाक उलटवले तर टायरच्या गुट्ट्यांची दिशा उलटी होते आणि चिखलात पकड जाते. म्हणून डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे गेले पाहिजे. टायरच्या बाजूवरील बाण पुढच्या दिशेने फिरतो आहे ना, एवढे पाहिले की झाले. दुसरे म्हणजे उभा सायलेन्सर. मांडवाच्या तारांत तो अडकतो आणि पाने करपवतो, त्यामुळे वेल्डिंगवाल्याकडून तो आडवा करून चाकाच्या पुढे, खाली वळवून घेतला. डिझेलच्या नळीपासून तो दूर राहील याची खात्री करून मगच त्याला पट्टी मारली.

शेवटची परीक्षा ब्लोअरची होती. ब्लोअर पीटीओच्या (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजार फिरवणारा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालण्यासाठी बनवलेला असतो. फेरे कमी पडले तर पंख्याची हवा मंदावते, थेंब मोठे होतात आणि मांडवावरील पानांची खालची बाजू कोरडी राहते, आणि डाउनी तर तेथेच पांढरी बुरशी धरते. ट्रॅक्टरचे फेरे दाखवणारे मीटर बंद होते, म्हणून फवारणी यंत्राच्या दुकानदाराकडून प्रकाशाने फेरे मोजणारे यंत्र मागून आणले आणि ५४० फेऱ्यांना ॲक्सिलरेटरचा दांडा कोठे येतो तेथे पांढऱ्या रंगाची खूण केली. ब्लोअरच्या टाकीत साधे पाणी भरून पूर्ण बागेत ब्लोअर फिरवला, पानांखाली पाण्याला लागताच रंग बदलणारे कागद टाचून थेंब कसे पडतात ते पाहिले. इंजिनच्या आवाजात शेवटच्या ओळीपर्यंत फरक पडला नाही.

कागदपत्रांबाबत एवढेच, की आरसी बुकावर कर्जाचा बोजा असेल तर मालकी बदलण्याच्या नमुना २९ आणि ३० बरोबर बोजा उतरवण्याचा नमुना ३५ आणि बँकेचा दाखला विकणाऱ्याकडून पैसे देण्यापूर्वीच घ्यावा. आम्ही आणि विकणारा दोघेही एमएच १० चे, म्हणजे सांगलीच्या नोंदणीचेच असल्याने आमचे काम सांगलीतच झाले. आता पुढच्या ॲक्सलच्या मधल्या पिनेचा खेळ (सैलपणा) काढणे बाकी आहे. बुश मिळाला आहे, पण लेथवाला गणपतीच्या गडबडीत आहे, त्यामुळे तोवर तेथे रोज ग्रीस मारून काम चालवत आहोत.